धरणी हलली तेव्हा माझे पाय
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी काही शिकलेली बाई नव्हे. सातवीपर्यंत शाळा झाली, मग घरकाम, पुढे लग्न होऊन बोईसरला आले ती इथलीच झाले. त्यामुळे ‘भूकंपावर तुम्ही बोला’ असे चिटणीसबाई म्हणाल्या तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. पण त्यांना माझी एक गोष्ट ठाऊक होती. ती सांगितल्यावाचून बाकीचे सांगण्याचा मला अधिकार नाही, म्हणून तीच आधी सांगते.

माझे माहेर डहाणू तालुक्यात, धुंदलवाडीच्या बाजूला. तिकडे नोव्हेंबर 2018 पासून जमीन हलू लागली. एकदा हलून थांबली असे नाही, ते रोजचेच झाले. जमिनीच्या पोटातून गडगड ऐकू येई आणि मांडणीवरची भांडी वाजत. थंडीचे दिवस, तरी लोक लेकरे घेऊन अंगणात निजत. 1 फेब्रुवारी 2019 रोजी तर एकामागून एक धक्के बसले आणि दुपारी दोनच्या सुमाराला 4.1 रिश्टरचा मोठा धक्का आला. त्या वेळी मी माहेरी चुलीपुढे भाकरी थापीत होते. आई आतल्या खोलीत खाटेवर होती. तिचे गुडघे धरलेले, उठायला आधार लागतो. धक्का बसला आणि पुढचे मला आठवतच नाही. आठवते ते एवढेच, की मी अंगणात उभी आहे, दोन्ही हात पिठाचे, चूल पेटलेली आणि आई आत.

आतून तिचा आवाज आला, “अगं, तवा उतरव, भाकरी करपेल.”

आईने पुढे कधी तो विषय काढला नाही. मीच काढते आहे. त्याच दिवशी हळदपाड्याला दोन वर्षांची एक पोर धक्क्याच्या वेळी बाहेर पळताना पडली, डोक्याला दगड लागला आणि गेली. तिच्यावर भिंत पडली नव्हती. हे कळले तेव्हा मला दोन दिवस अन्न गोड लागले नाही.

आता हे धक्के का बसतात, ते मला समजले तसे सांगते. आपल्या पायाखालच्या काळ्या कातळात फार जुन्या भेगा आहेत. भूगर्भात ताण साठतो आणि या भेगांवर थोडाथोडा मोकळा होतो. पावसाचे पाणी खोल मुरले की सरकणे सोपे होते असे शास्त्रज्ञ म्हणतात. पाटा ओला असला की वरवंटा कसा घसरतो, तसेच काहीसे. हैदराबादच्या भूभौतिक संस्थेने तिकडे यंत्रे बसवून हजारो धक्के मोजले. कोणत्या दिवशी, किती वाजता भूकंप होणार हे मात्र जगात कोणालाही सांगता येत नाही. तेव्हा मोबाईलवर ‘आज रात्री बारा वाजता’ असे येते ते पुढे धाडू नका, एवढी माझी विनंती आहे.

रिश्टरची एक पायरी चढली की ताकद सुमारे 32 पट होते. दोन पायऱ्या म्हणजे हजारपट. किल्लारीचा भूकंप 6.2 चा होता. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. गणपती बोळवून लोक निजले होते. मी तेव्हा सातवीत होते, शाळेत मदत गोळा झाली तेव्हा घरून मापटेभर तांदूळ नेले होते. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. तिथली घरे माळवदाची, दोन-दोन हात जाड दगड मातीत रचलेले आणि वर मातीचा ढीग. आपल्याकडच्या कुडाच्या घराला आपण हिणवतो, पण कारवीचा कूड शेणामातीने लिंपलेला असतो, तो हलतो, डुलतो, आणि पडलाच तरी माणूस खालून निघतो. भीती आहे ती अर्धवट बांधलेल्या विटांच्या भिंतींची आणि सुट्या कौलांची.

कुडावरून एक गंमत आठवली. माझा भाचा बोटीवर नोकरीला आहे. त्याच्या बोटीवर फिलिपाईन्सचे खलाशी पुष्कळ. त्यांची काठी खेळण्याची एक जुनी विद्या आहे, तिला अर्निस म्हणतात. त्या देशाने 2009 साली कायदा करून तिला राष्ट्रीय खेळ ठरवले. वेताची हातभराहून जरा लांब काठी. दोन काठ्या घेऊन खेळतात त्या प्रकाराला सिनावली म्हणतात, कारण काठ्या विणल्यासारख्या एकमेकींतून जातात. तिकडे बांबूच्या कामट्या विणून भिंती करतात, त्या तट्ट्याला सवाली म्हणतात, त्यावरून ते नाव. म्हणजे तिकडेही आपल्यासारखाच कूड!

भाचा सांगत होता, “आत्या, आठवडाभर काठी हातात दिलीच नाही. खाली खडूने त्रिकोण काढून नुसते पाय टाकायला लावले.” मी विचारले, असे का? तर म्हणे, मार आला की डोके बंद पडते, पाय आपले आपण जातात. ते कुठे जायचे हे आधी शिकवावे लागते.

हे ऐकले आणि मला ते अंगण आठवले.

तो देशही भूकंपाचाच. 1990 च्या जुलैत लुझॉन बेटावर दीड हजारांहून जास्त माणसे गेली. तिकडे आता दर तीन महिन्यांनी साऱ्या देशात एकाच वेळी भूकंपाचा सराव घेतात. आपण निदान मंडळापुरता घ्यायला काय हरकत आहे? थाळी वाजली की शेगडी बंद, खाली बसणे, टेबलाखाली किंवा पलंगाखाली डोके, हाताने पाय धरून ठेवणे. हलणे थांबले की मगच बाहेर, आणि म्हाताऱ्या माणसाला कोण धरणार ते नावानिशी आधी ठरलेले. आमच्याकडे सासूबाईंना धाकटा धरतो.

बोईसरकरणींना एक जास्त सांगते. 11 जानेवारी 2020 ला संध्याकाळी इथल्या एका रसायनाच्या कारखान्यात स्फोट झाला, आठ माणसे गेली, आणि आम्ही घरात भूकंपच समजलो. वायूचा वास आला तर सराव वेगळा: तोंडावर ओले फडके, खिडक्या बंद, आणि बाहेर पडावेच लागले तर वाऱ्याला आडवे चालायचे, वाऱ्याबरोबर नव्हे.

पहिला सराव येत्या शनिवारी चार वाजता याच ओट्यावर आहे. मुलींनी काठ्या आणू नयेत, भाच्याने सहा वेत दिले आहेत. आणि ज्यांच्या घरी म्हातारी माणसे आहेत त्यांनी त्यांनाही घेऊन यावे. माझी आई त्या दिवशी इथे आहे, तिलाच धरून मी करून दाखवणार आहे.