टेट्रासायक्लीन: गोळी आणि तिचे पथ्य



यवतमाळ जिल्ह्यात कपाशी व सोयाबीनचे निंदण ज्या दिवसांत चालते, त्याच दिवसांत गवत-झुडपांतील अतिसूक्ष्म किडींच्या चाव्यामुळे होणारा ‘स्क्रब टायफस’ हा ताप विदर्भात डोके वर काढतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर व आसपासच्या जिल्ह्यांत त्याचे अनेक रुग्ण आढळले आणि काही दगावले. चाव्याच्या जागी कधी काळी खपली दिसते, कधी दिसतही नाही. या तापावर टेट्रासायक्लीन गटातील डॉक्सिसायक्लीन हे स्वस्त व गुणकारी औषध आहे. वेळीच सुरू केल्यास ताप बहुधा दोन दिवसांत उतरू लागतो. खरी कसोटी येथेच आहे. ताप उतरताच उरलेल्या गोळ्या फडताळात जातात आणि आजार उलटण्याची भीती निर्माण होते. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करणे हे म्हणूनच पहिले पथ्य होय.

या गटातील पहिले औषध १९४८ साली प्रकाशात आले. अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत बेंजामिन डगर यांनी मातीतील सूक्ष्म जीवापासून ते मिळविले. आंध्रातील भीमावरमचे सुपुत्र येल्लाप्रगडा सुब्बाराव हे तेथील संशोधनाचे प्रमुख होते.

ही गोळी पेलाभर पाण्याबरोबर, बसून किंवा उभे राहून घ्यावी आणि त्यानंतर निदान अर्धा तास आडवे होऊ नये. कोरडी गिळलेली गोळी अन्ननलिकेत अडकल्यास तेथे जखम होते. दुधातील कॅल्शियम, रक्तवाढीच्या गोळ्यांतील लोह आणि आम्लपित्तावरील औषधे यांच्याशी हे औषध बांधले जाते व पुरेसे अंगी लागत नाही. म्हणून दूध, दही व या गोळ्या यांत दोन ते तीन तासांचे अंतर ठेवावे. शाळेत व अंगणवाडीत लोहाच्या गोळ्या वाटणाऱ्यांनी हे विशेष ध्यानी घ्यावे. टेट्रासायक्लीन उपाशीपोटी घेणे हितकर असते. डॉक्सिसायक्लीनने मळमळ होत असल्यास ती जेवणाबरोबर घेता येते.

औषध चालू असता उन्हाने त्वचा लवकर भाजते. वेचणीला किंवा निंदणाला जाणे टळत नसेल, तर अंग झाकणारे कपडे व डोक्यावर रुमाल असावा. आठ वर्षांखालील मुलांच्या वाढत्या दातांवर या गटातील औषधांचे कायमचे डाग पडू शकतात, तसेच गर्भावस्थेतही ती सहसा टाळली जातात. परंतु जीवघेण्या तापात डॉक्टर जाणीवपूर्वक ती देतात, तेव्हा ऐकीव भीतीने नाकारू नयेत. गर्भवती वा स्तनदा मातेने आपली अवस्था आणि प्रत्येकाने आपली चालू औषधे डॉक्टरांना आधीच सांगावीत.

गोठ्यातील जनावरांसाठी आणलेले ऑक्सिटेट्रासायक्लीन किंवा कपाशीच्या करप्यावर फवारली गेलेली स्ट्रेप्टोसायक्लीनची भुकटी यांतही याच गटातील द्रव्ये असतात. नाव सारखे म्हणून ती माणसाचे औषध ठरत नाहीत. शेजाऱ्याची उरलेली गोळी घेणे तितकेच घातक होय. मुदत संपलेल्या टेट्रासायक्लीनने मूत्रपिंडास इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. साध्या सर्दी-पडशावर तर या गोळीचा काहीच उपयोग नाही. उलट तिच्या अनाठायी वापराने जंतू निर्ढावतात आणि गरजेच्या वेळी औषध निष्प्रभ ठरते.

अंगावर पुरळ, चेहऱ्यावर सूज, धाप, गिळताना तीव्र वेदना, पाण्यासारखे जुलाब किंवा असह्य डोकेदुखीसह अंधुक दिसणे, यांपैकी काही झाल्यास तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

ही माहिती ग्रामसभेत, पालकसभेत व पोळ्यापूर्वीच्या बैठकीत सांगणे अवघड नाही. तापाचा रुग्ण दिसताच त्याला आरोग्य केंद्रात पाठविणे आणि ‘गोळ्या पूर्ण झाल्या का?’ असे आठवड्याभरात विचारणे, एवढे काम गावाने केले तरी एखादा जीव वाचेल.