शब्दाचा सोबती

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या लोकलमध्ये मराठी, सिंधी, हिंदी एकाच बाकावर बसतात. माझ्या घरच्या उर्दूत मूल ‘अम्मी से’ डरतं, माझ्या कवितेच्या मराठीत ते आईला घाबरतं, इंग्रजीत ‘अफ्रेड ऑफ’ असतं. भीती एकच, पण तिला जोडणारा शब्द प्रत्येक भाषेत निराळा.

नोकरीच्या मुलाखतीत आपली मुलं इथेच अडतात. आपण माणसावर रागावतो, म्हणून ‘अँग्री ऑन’ तोंडात येतं; हवं ‘अँग्री विथ’. आपण कुणाशी तरी लग्न करतो, म्हणून ‘मॅरीड विथ’. हवं ‘मॅरीड टू’. ‘डिस्कस’च्या पोटातच ‘विषयी’ आहे, त्याला ‘अबाउट’ नको. ‘माझ्यापेक्षा सीनियर’ म्हणताना ‘दॅन’ येतं. पण लॅटिनमधून आलेल्या या शब्दाला ‘टू’ लागतं.

या चुकांमागे मायबोलीच बोलत असते. त्यांची लाज वाटून मुलाखतीत गप्प बसू नका. वहीत इंग्रजी शब्द मात्र एकटा लिहू नका. त्याच्या सोबत्यासह, अख्ख्या वाक्यात लिहा आणि मोठ्यानं म्हणा. ‘आईला घाबरतो’ हेही आपण असंच, ऐकून आणि बोलून शिकलो.