एका टोचणीची गोष्ट

आमच्या चिकपेटेतील कापडाच्या एका दुकानी मी वर्षानुवर्षे जातो. मालक भावसार, त्यांच्या मराठीला कानडीचा गोड हेल आहे. मागल्या महिन्यात लुगडी दाखविता दाखविता ते आवाज उतरवून म्हणाले, "साहेब, नातीला ती लस टोचा म्हणून डॉक्टरीणबाई मागे लागल्या आहेत. पोर तेरा वर्षांची. त्या जागेच्या रोगाची लस आत्तापासून कशाला?"

श्रोतेहो, माझ्या पत्नीच्या मावशी याच रोगाने गेल्या. घरात त्या रोगाला अखेरपर्यंत नाव नव्हते. 'बायकांचे दुखणे' एवढेच म्हणत. डॉक्टरांकडे नेले तेव्हा फार उशीर झाला होता. 2020 च्या अंदाजानुसार गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने भारतात एका वर्षात 77 हजारांवर स्त्रिया दगावल्या.

त्यामागे एक विषाणू असतो, हे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी दाखविले. त्यांना 2008 चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू बहुतेक स्त्रीपुरुषांना केव्हा ना केव्हा गाठतो आणि वर्षदोन वर्षांत आपोआप जातो. जिथे तो ठाण मांडतो, तिथे पुष्कळ वर्षांनी कर्करोग उद्भवू शकतो. लस करावी, तर तो प्रयोगशाळेत सहजी वाढत नाही. 1991 साली ब्रिस्बेन येथे इयान फ्रेझर व जियान झोऊ यांना आढळले की, त्याच्या कवचाची प्रथिने आपोआप जुळून पोकळ कवच बनते. आम्हा कचेरीतल्या माणसांच्या भाषेत सांगायचे, तर पाकीट रिकामे, पण वरचा शिक्का खरा! शरीर तो शिक्का ओळखून ठेवते. मात्र आधीच शिरलेल्या विषाणूला लस हुसकावीत नाही. म्हणूनच ती लहान वयात द्यावयाची.

या लसीच्या तीन मात्रा देत. दोन पुरतील काय, हे पाहण्यासाठी 2009 साली भारतात नऊ ठिकाणी प्रयोग सुरू झाला. त्यांत पुणे होते, मुंबई होती, आणि सोलापूर जिल्ह्यातील बार्शीही होती. तोच आंध्र व गुजरातेतील एका वेगळ्या प्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाले. ते लसीमुळे झाले नव्हते, असे चौकशीत दिसून आले. परंतु अनेक मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहप्रमुखांच्या सह्या होत्या. सहीचे मोल ज्याला नोकरीत रोज कळते, त्याला हा दोष किरकोळ वाटणार नाही. एप्रिल 2010 मध्ये सरकारने सर्वच प्रयोगांतील टोचणी थांबविली.

त्यामुळे बार्शीसह सर्व केंद्रांवर मिळून सुमारे पाच हजार मुलींना एकच मात्रा मिळालेली राहिली. प्रयोग मोडला असे कोणीही म्हटले असते. संशोधकांनी मात्र त्या मुलींचा माग सोडला नाही. दहाहून अधिक वर्षांनी, 2021 साली, निष्कर्ष प्रसिद्ध झाला: मुख्य दोन विषाणुप्रकारांच्या चिवट संसर्गापासून एका मात्रेनेही सुमारे 95 टक्के संरक्षण मिळाले होते, तिन्ही मात्रांइतकेच! 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मुलींसाठी एका मात्रेचा पर्याय मान्य केला, त्यात या पुराव्याचाही भाग आहे. तीन टोचण्यांच्या खर्चात तिघी मुली, हा हिशेब गरीब देशाला लहान नव्हे. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या देशी लसीलाही परवानगी मिळाली.

हे सारे मी दुकानात सांगितले. माझ्या मुलीला लस दिली आहे, हेही सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, "दुखते का हो?"

"दंड दोन दिवस दुखला," मी म्हणालो.

त्यांनी लुगड्याची घडी घातली आणि सुनेला हाक मारून डॉक्टरीणबाईंचा वार विचारला.