गोष्टीचे चार चौकोन

तायांनो, "मला लिहिता येत नाही, पोराला गोष्ट काय शिकवणार?" असं बैठकीत नेहमी ऐकते. अहो, गावाचा नकाशा रांगोळीने तुम्हीच काढता ना? तसेच अंगणात खडूने चार चौकोन काढा. तहानलेला कावळा घ्या. पहिल्यात कोण, कुठे. दुसऱ्यात अडचण: पाणी पार तळाशी. तिसऱ्यात काय केलं: खडे टाकले. चौथ्यात शेवट. नुसती चित्रं काढली तरी चालतं. मग बोट ठेवत तोंडी सांगू द्या, लिहिणं त्यानंतर. पोरं बहुतेक दुसऱ्या चौकोनात अडतात. तिथे घाई नको, "मग अडलं कुठे?" एवढंच विचारा. पुढच्या वेळी कावळ्याच्या जागी घरची शेळी घ्या. गाईडमधली पाठ गोष्ट तिथे चालत नाही, पोराला स्वतःच सुचवावं लागतं.