चकतीचा भरवसा



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा त्यांना बोनस किंवा किमान वेतन अपेक्षित असावे. आम्ही 'हार्ड डिस्क' म्हणालो, तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. आमची शाळा सातवीपाशी सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि कोर्टाच्या पायऱ्यांवर झाले. तेव्हा संगणकाचे पंडित म्हणून नव्हे, एकदा हात पोळलेला माणूस म्हणून आम्ही येथे उभे आहोत.

गोष्ट २०१४ सालची, इचलकरंजीची. तेव्हाच्या १९७२ च्या कायद्याने ग्रॅच्युइटी मागायची तर साधारणतः पाच वर्षांची सलग नोकरी दाखवावी लागे. यंत्रमागावरच्या माणसाजवळ नेमणूकपत्र कुठले? हजेरीकार्डे, पगाराच्या चिठ्ठ्या, उचलीच्या नोंदी, असले कपटे हाच त्याचा पुरावा. आम्ही वर्षभर खपून ते सारे कचेरीतल्या एकुलत्या एका संगणकात उतरवून घेतले आणि मोठ्या ऐटीत मूळ कागद ज्याचे त्याला परत केले.

मे महिन्यात तो संगणक एकेक फाइल उघडायला मिनिट मिनिट घेऊ लागला. आतून मधूनच 'टक् टक्' असा आवाज येई. कचेरीत बसलेला एक जॉबर म्हणाला, "अण्णा, ह्याचं आत कायतरी सुटलंय. मागाचा असा आवाज आला तर आम्ही आधी माग बंद करतो." आम्ही हसलो. चौथ्या दिवशी डिस्क गेली. एकेचाळीस दाव्यांचे कागद तिच्यात होते.

जॉबरचे बरोबर होते, कारण हार्ड डिस्क हेही एक फिरते यंत्रच. १९५६ साली आय.बी.एम.ने पहिली काढली, तीत दोन फूट व्यासाच्या पन्नास चकत्या होत्या आणि मावत होती सुमारे पन्नास लाख अक्षरे. आज कचेरीतल्या डिस्कची चकती बहुधा मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि वाचणारे टोक तिच्यापासून केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी अंतरावर तरंगते. धक्का बसून टोक घासले की थर खरवडतो. 'टक् टक्' म्हणजे बहुधा टोकाला आपली जागा सापडत नाही आणि ते पुन्हा पुन्हा मागे येऊन शोधते आहे.

काल उघडलेली फाइल आज वाचता न येणे, सुरू होताना संगणकाला डिस्कच न दिसणे, ह्याही खुणाच. शिवाय डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतः ठेवते; तिला 'स्मार्ट' म्हणतात आणि ती फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमने वाचता येते. निकामी जागांचा आकडा वाढू लागला, की नवी डिस्क आणायला निघावे. गूगलने २००७ साली आपल्या लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास छापला. तपासणीत पहिला दोष आढळलेली डिस्क ६० दिवसांत बंद पडण्याचा संभव निर्दोष डिस्कच्या ३९ पट निघाला. पण त्याच अभ्यासात बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी चार मुख्य खुणांपैकी एकही दाखवली नव्हती! एसएसडीत तर फिरणारे काहीच नाही, म्हणून आवाजही नाही. ती पुष्कळदा न सांगताच जाते.

आवाज येऊ लागला तर वीज तोडावी आणि जाणकाराकडे न्यावी. नुसती मंद झाली असेल, तर दुरुस्तीच्या फंदात न पडता आधी मोलाच्या फायली दुसरीकडे उतरवाव्यात. आम्ही उलट केले. दहादा चालू करून पाहिली, वर दुरुस्तीचा प्रोग्रॅम चालवला. कोणी तर ती बर्फाच्या कप्प्यात ठेवायला सांगत होते. तेवढे मात्र केले नाही. माहिती काढून देणाऱ्या प्रयोगशाळेने जी रक्कम सांगितली, ती ऐकून खजिनदार बोलेनासे झाले.

वीज जाते तेथे यूपीएस हवा, चालू यंत्र हलवू नये, धूळ आणि उष्णता टाळावी. ह्याने डिस्कचे आयुष्य वाढते, मरण टळत नाही. म्हणून प्रती तीन हव्यात, दोन निराळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी. २०१९ साली पंचगंगेचे पाणी पाहिलेल्यांना दुसरी जागा कशाला, हे सांगायला नको. इंटरनेटवर आपोआप जाणाऱ्या प्रतीवर एकट्या विसंबू नये. येथे पुसले की बहुधा तेथेही पुसले जाते. आणि प्रत उघडून पाहिल्याखेरीज ती प्रत समजू नये.

त्या एकेचाळीस दाव्यांसाठी आम्ही घरोघर फिरलो. बत्तीस जणांचे कागद सापडले. दोघांचे काम सहकाऱ्यांच्या प्रतिज्ञापत्रांवर भागले. उरलेल्या सातांपैकी एक म्हातारे विणकर म्हणाले, "तुमच्या कंप्यूटरात आहे म्हणालात, म्हणून कार्डं मी चुलीत घातली." त्यांना काय उत्तर द्यायचे? आम्ही चहा घेतला आणि उठलो.

आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी एक डिस्क भरून खजिनदारांच्या घरी जाते, तिथली परत येते, आणि परत आलेल्या डिस्कवरचे कुठलेही एक कार्ड उघडून पाहतो. ते काम जॉबरकडे आहे. अध्यक्षमहाराजांनी वेळेची चिठ्ठी सरकवली आहे. प्रश्न असतील ते विचारावेत.