पुण्याचें सेवासदन

स्त्रीशिक्षणाला उघड विरोध करणाऱ्यास उत्तर देणें फारसें अवघड नसतें. “मुलींनाही शिकवूं, पण मागाहून,” असें सौम्य स्वरांत सांगणाऱ्यास उत्तर देणें मात्र अवघड असतें. कारण त्याच्या बोलण्यांत द्वेष नसतो, असते ती काटकसर. पुण्याच्या सेवासदनाची थोरवी अशी कीं, या दुसऱ्या आक्षेपाचें उत्तर त्यानें केवळ सभेंत दिलें नाहीं, तर आपल्या कामांतून दिलें.

मुंबईंत बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल यांनीं १९०८ सालीं सेवासदन काढलें, आणि २ ऑक्टोबर १९०९ रोजीं पुण्यांत त्याच नांवाच्या संस्थेचा आरंभ झाला. रमाबाई रानडे अध्यक्षा झाल्या. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांनीं कारभाराचा भार उचलला. १९११ च्या खानेसुमारींत हिंदुस्थानांतील साक्षर स्त्रियांचें प्रमाण शेंकडा एक इतकेंच होतें. रमाबाईंचा विवाह १८७३ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं झाला होता. न्यायमूर्ति रानड्यांनीं त्यांना घरींच शिकविलें, आणि वडीलधाऱ्या बायकांचा रोष सोसून त्या शिकल्या. त्यामुळें शाळेचें वय टळून गेलेल्या स्त्रीची अडचण त्यांना कोणीं समजावून सांगावी लागली नाहीं.

सेवासदनानें प्रथम अशाच स्त्रियांकडे लक्ष दिलें. संसारांत गुंतलेल्या बायका आणि बालविधवा यांना शाळेपर्यंत येतां येत नसेल, तर शाळेनें त्यांच्या सोयीनें चालावें, हें संस्थेचें धोरण होतें. लिहिणें-वाचणें, शिवणकाम, ससून रुग्णालयाच्या साहाय्यानें शुश्रूषेचें शिक्षण आणि अध्यापिकांची तयारी, अशीं कामें एकामागून एक वाढत गेलीं.

या तयारीचें मोल पुढें प्रत्ययास आलें. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नानें १९१८ सालीं झालेल्या कायद्यानें मुंबई इलाख्यांतील नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचें करण्याची मोकळीक मिळाली. पुण्यांत प्रश्न निघाला, कीं ही सक्ति मुलांपुरती असावी कीं मुलींनाही लागू करावी? पैसा अपुरा आहे, म्हणून आरंभ मुलांपासून करावा, असें लोकमान्य टिळकांच्या पक्षाचें म्हणणें होतें. रमाबाई वयाची पंचावन्न वर्षें ओलांडून गेल्या होत्या; तरी १९२० च्या सुमारास त्यांच्या नेतृत्वाखालीं पुण्यांतील स्त्रियांनीं सभा भरविल्या, मिरवणूक काढली आणि मुलींचा हक्क नगरपालिकेपुढें मांडला.

तिजोरी रिकामी असल्याची सबब लटकी नव्हती; पण तिजोरीला चार वर्षें थांबतां येतें, सात वर्षांची मुलगी सात वर्षांची राहत नाहीं. खर्च पुढें ढकलला तर तो पुढें करतां येतो. शिकण्याचें वय मात्र पुन्हा येत नाहीं. शिवाय त्या काळीं आणखी एक कोडें होतें. अध्यापिका नसतील तर पालक मुलींना धाडीत नाहींत, आणि मुली शिकल्या नाहींत तर अध्यापिका कोठून मिळणार? सेवासदनानें हें कोडें आधींच सोडवावयास घेतलें होतें. काल पाटी हातीं घेणारी विधवाच उद्यां वर्गावर उभी राहावी, अशी त्याची योजना होती. मागणी करणाऱ्यानें ती पुरी करण्याचीं साधनेंही सिद्ध ठेवावींत, हा त्या कार्याचा विशेष होय.

रमाबाई १९२४ सालीं निवर्तल्या; संस्थेनें २००९ सालीं शंभर वर्षें पुरीं केलीं. त्याच वर्षीं संसदेनें केलेला शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. सहा ते चौदा वर्षांच्या बालकांमध्यें त्यानें मुलगा-मुलगी हा भेद ठेविला नाहीं. म्हणजे कायद्यांतून ‘मागाहून’ हा शब्द गेला. घरांतून तो गेला आहे काय? २०११ च्या जनगणनेंत भारतांत साक्षर पुरुष शेंकडा सुमारें एक्याऐंशीं, तर स्त्रिया शेंकडा सुमारें पासष्ट होत्या. हें अंतर शेवटीं घराघरांतल्या निर्णयांतूनच पडलेलें असतें. पैसा तोकडा पडला म्हणजे कोणाची फी प्रथम थांबते, आणि आई आजारी पडली म्हणजे कोणाची शाळा बुडते, हें प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असतें. सेवासदनाचा गौरव करूं इच्छिणाऱ्या गृहस्थानें हार-तुऱ्यांपूर्वीं आपल्या घरचा हा हिशेब एकदां तपासावा. संस्थेला तोच सत्कार अधिक आवडेल.