संग्रहालय कुणाचे?



माझ्यासारख्या माणसाने कलासंग्रहालयावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. माझे शाळेतले शिक्षण नववीशी थांबले; पुढचे जे झाले ते वाळूजच्या कारखान्यात, युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयात. तेव्हा कलेचा जाणकार म्हणून नव्हे, तर कष्टकऱ्यांचा माणूस म्हणून मी चार शब्द बोलणार आहे.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही वीस-पंचवीस कामगार बायकामुलांसह एका संग्रहालयात गेलो. तेथे काचेआड हिमरूची जुनी शाल होती आणि खाली चिठ्ठी होती : ‘शाल. सूत व रेशीम.’ आमच्यातला एक जण विणकराच्या घरातला. तो पोरांना सांगू लागला : उभे धागे सुताचे, आडवे रेशमाचे, मागाच्या वर एक मुलगा बसून दोऱ्या ओढी, खाली बाप धोटा टाकी, दोघांचा मेळ चुकला की वेलबुट्टी बिघडे. ‘तो वरचा मुलगा मी,’ असे तो म्हणाला, तेव्हा पोरे शालीकडे पाहायची सोडून त्याच्याकडेच पाहू लागली. इतक्यात पहारेकरी आला. ‘गर्दी करू नका, पुढे चला.’ त्या गरिबाचा दोष नाही. त्याला तेवढेच शिकवलेले. आमचा तो सोबती आज हयात नाही. शाल नीट जपून ठेवलेली आहे. ती विणायची कशी हे सांगणारा गेला, आणि त्याला कुणी विचारलेही नाही.

संग्रहालयाचे पहिले काम जतनाचे, यात वाद नाही. आपल्या मराठवाड्यातल्या तेरचे उदाहरण घ्या. हे प्राचीन तगर नगर; रोमन जगाशी त्याचा व्यापार चाले. तेथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीची जणू बहीण शोभावी. तेरच्या शेतांत आणि पांढरीत मिळणाऱ्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी आस्थेने गोळा केल्या. आज त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय तेरलाच उभे आहे. एका माणसाचा छंद लोकांची ठेव झाला आणि गावातच राहिला.

दुसरे काम दार उघडे ठेवण्याचे. औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३८ साली यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभारले. राजा रविवर्म्याची चित्रे आणि हेन्री मूर यांचे शिल्प साताऱ्याकडच्या एका लहानशा गावी पाहायला मिळते! त्याच राजाने १९३९ साली राज्यकारभारही प्रजेच्या हाती दिला. मला या दोन गोष्टी एकाच वृत्तीच्या वाटतात. आमचा कामगार मात्र पाळी संपवून, आंघोळ करून बाहेर पडतो, तेव्हा संग्रहालयाला कुलूप लागत असते. आठवड्यातून एक संध्याकाळ तरी ते त्याच्यासाठी उघडे का नसावे?

यावर कुणी म्हणेल, गर्दीने वस्तू बिघडतात. म्हणणे खरे आहे. अजिंठ्याच्या चित्रांना माणसांच्या श्वासातला दमटपणाही बाधतो. मग मर्यादा जरूर घाला. पण ती साहेबाला आणि हमालाला सारखी असू द्या.

तिसरे काम सर्वांत अवघड : करणाऱ्याची ओळख सांगणे. नाशिकच्या पांडवलेण्यांत सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा उषवदाताचा लेख आहे. त्याने २,००० कार्षापणे विणकरांच्या एका श्रेणीकडे कायमची ठेव ठेवली. व्याज दरमहा शेकडा एक. मी हिशेब करून पाहिला : वर्षाचे २४०. लेण्यातल्या २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२, अगदी बरोबर! म्हणजे विणकरांची संघटना त्या काळी पेढी चालवीत होती आणि राजाचा जावई तिच्यावर विश्वास टाकीत होता. आणि आपल्या वेरूळचे दहावे लेणे? छताच्या दगडात लाकडी वाशांसारख्या फासळ्या कोरलेल्या पाहून लोकांनी त्याला ‘सुताराची झोपडी’ म्हटले. आत बसलेल्या बुद्धाला सुतार मंडळी विश्वकर्मा म्हणून हात जोडीत आली. पंडितांना ती चूक वाटेल; मला ती हक्काची नोंद वाटते. हे काम आपल्या हातांचे आहे, हे त्यांनी डोळ्यांनी ओळखले होते.

आपल्या शहरात सोनेरी महालासारख्या वास्तूत संग्रहालय आहे. उद्या आणखी होतील. माझे मागणे तीनच कलमांचे आहे. चिठ्ठी सोप्या मराठीत आणि उर्दूत असावी. वस्तू कुणी, कशी, किती दिवसांत केली हे शक्य तेथे तिच्यावर लिहावे. आणि हिमरू, पैठणी, बिदरीचे जे जुने कारागीर अजून आहेत, त्यांना मानधन देऊन बोलवावे, त्यांचे बोलणे टिपून ठेवावे. हे तिसरे कलम थांबण्यासारखे नाही. शाल आणखी शंभर वर्षे काचेआड राहील; माणूस राहत नाही.